कबर एक, भांडणे हजार. बाग मात्र सुकली

२०२५च्या मार्च महिन्यात पुसेगावच्या टपरीवर चहा पिणे मला अवघड झाले होते. कुणी ना कुणी विचारायचेच, "काय भाई, काढायची का ठेवायची?" काय काढायची, हे सांगावे लागत नव्हते. 'छावा' प्रदर्शित होऊन महिना झाला होता. टीव्हीवर रोज संध्याकाळी खुलताबादची ती कबर दिसत होती. तिच्याभोवती पोलीस बसवले गेले. १७ मार्चला नागपुरात दंगल उसळली आणि एका माणसाचा जीव गेला. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशाहाच्या नावाने आजचा एक माणूस मेला.

मी त्या टपरीवरच्या मित्राला उलट विचारले, "तू खुलताबाद पाहिलंस का रे?"

"म्हणजे काय? भद्रा मारुतीला जातो ना आम्ही."

"मग तिथं आणखी काय आहे?"

"ती कबर."

"आणि?"

या 'आणि'वर तो थांबला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. शाळेत असताना आमची सहलही त्याच रस्त्याने गेली होती. वेरूळची लेणी, घृष्णेश्वर, भद्रा मारुती, दौलताबादचा किल्ला आणि शेवटी बीबी का मकबरा. हिंगोली, परभणी, नांदेडकडच्या बहुतेक शाळांची सहल याच क्रमाने होते. एसटी खुलताबादच्या वेशीतून जायची, मारुतीच्या दर्शनाला थांबायची आणि पुढे निघायची. बाकीचे गाव खिडकीतून दिसले तेवढेच. मी मुसलमानाचा मुलगा, पण मलाही हा 'आणि' ठाऊक नव्हता. तो कळायला वयाची तिशी उलटावी लागली. म्हणून हा लेख त्या एका कबरीबद्दल नाही, तिच्या भांडणात आपण सगळ्यांनी मिळून हरवलेल्या बागेबद्दल आहे.

रौझा म्हणजे बाग

खुलताबादचे जुने नाव रौझा. जुनी माणसे आजही "रौझ्याला जाऊन आलो" असे म्हणतात. आपण रौझा म्हणजे मजार असे समजतो. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ बाग, हिरवळ असा आहे. औरंगजेबाला मृत्यूनंतर 'खुल्द-मकां' म्हणजे 'ज्याचे घर चिरंतन स्वर्गात आहे तो' हा किताब मिळाला, आणि त्यावरून रौझ्याचे खुल्दाबाद, मराठी तोंडी खुलताबाद झाले. म्हणजे गावाचे जुने नाव बाग आणि नवे नाव स्वर्ग. कार्ल अर्न्स्ट या अमेरिकन अभ्यासकाने १९९२मध्ये या गावावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याला त्याने नावच 'चिरंतन बाग' या अर्थाचे दिले. परदेशातला माणूस येतो, फारसी हस्तलिखिते वाचतो आणि त्याला इथे बाग दिसते. आपल्याला मात्र फक्त खड्डा दिसतो, एकाला खणायचा तर दुसऱ्याला राखायचा.

या बागेची सुरुवात औरंगजेबाच्या चारशे वर्षे आधी झाली आहे. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांचे मुरीद दख्खनेत आले. मुंतजबुद्दीन जर जरी जर बक्ष हे आधी आले. १३२७च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली आणि त्या लोंढ्यात त्यांचे भाऊ बुऱ्हानुद्दीन गरीब आले. १३३७मध्ये त्यांचे इथेच निधन झाले. नावातच 'गरीब', म्हणजे परका, परदेशी. हा परका माणूस दौलताबादच्या वरच्या डोंगरावर विसावला आणि त्याच्यामागे साडेतीनशे-चारशे वर्षे माणसे आपली शेवटची जागा इथेच मागत राहिली. त्यांच्या गादीवर आलेले जैनुद्दीन शिराजी १३६९मध्ये गेले. तापीकाठचे बुऱ्हाणपूर बुऱ्हानुद्दीन यांच्या नावाने आणि समोरच्या काठावरचे जैनाबाद जैनुद्दीन यांच्या नावाने वसले. एवढा या टेकडीचा दबदबा होता.

कोण कोण झोपले आहे

एकदा पायी फिरून पाहा. मोठ्या अंतराची भानगड नाही, सकाळी निघालात तर दुपारपर्यंत होते.

अमीर हसन सिज्जी इथे आहेत. निजामुद्दीन औलियांच्या बैठकीतले बोल ज्यांनी लिहून ठेवले आणि अमीर खुस्रोंचे जे मित्र, ते हे हसन. त्यांच्याच सहवासात आझाद बिलग्रामी विसावले आहेत. अठराव्या शतकातला अरबी-फारसीचा हा मोठा पंडित १७८६मध्ये गेला.

गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह इथे आहे. १६८७मध्ये औरंगजेबाने त्याचे राज्य बुडवले, त्याला दौलताबादच्या किल्ल्यात कोंडले आणि तो कैदेतच मेला. त्याला पुरले ते सय्यद राजू कत्ताल यांच्या दर्ग्याजवळ. काही वर्षांनी त्याला कैद करणारा बादशाहही याच गावात येऊन पडला. कैदी आणि कैद करणारा आज एकाच गावच्या मातीत आहेत. औरंगजेबाला 'मुसलमानांचा बादशाह' समजून छाती फुगवणाऱ्या आमच्या पोरांनी तानाशाहच्या कबरीपाशी पाच मिनिटे उभे राहावे. विजापूर १६८६मध्ये आणि गोवळकोंडा १६८७मध्ये कुणी बुडवले, हे तिथे आपोआप आठवेल.

जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्याजवळ मलिक अंबरचा घुमट आहे. हबशी देशात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला, हातोहात फिरत दख्खनेत आलेला आणि शेवटी निजामशाहीचा कर्ता झालेला माणूस. त्याने १६१०मध्ये खडकी हे शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर झाले. त्याने शहराला नहरीचे पाणी आणले. मोगलांच्या फौजेला गनिमी काव्याने दमवले. शहाजीराजांचे वडील मालोजी निजामशाहीत होते आणि १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढले. त्या मालोजींचे वेरूळ इथून जेमतेम पाच किलोमीटर आहे. १६२६मध्ये मलिक अंबर वारला. मोगलांशी अखेरपर्यंत झुंजलेला हा माणूस त्याच मोगलांच्या सर्वांत मोठ्या बादशाहाच्या गावात झोपला आहे. शिवप्रेमींनी खुलताबादला येऊन सर्वांत आधी कुठे जायला हवे, तर इथे. पण तिथे गेलात तर बहुधा तुम्ही एकटेच असाल.

हैदराबादच्या निजाम घराण्याचा पहिला पुरुष असफजाहही इथलाच. तो १७४८मध्ये गेला. बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या आवारात तो आहे.

आणि औरंगजेब. ३ मार्च १७०७ रोजी तो अहमदनगरजवळ मेला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरले. उघड्या आभाळाखाली मातीची कबर, वर सब्जाचे रोप. संगमरवराची जाळी ही नंतरची, निजामाच्या काळातली. मी त्याची वकिली करत नाही. १६८९मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना ज्या क्रौर्याने त्याने मारले, ते कुठल्याही निकषावर समर्थनीय नाही आणि कुणी मुसलमान ते समर्थनीय मानत असेल तर त्याने आधी आपले ईमान तपासावे. पण संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर या कबरीवर गेले होते, असे खाफी खान लिहितो. बापाला मारणाऱ्याच्या कबरीपाशी मुलगा उभा राहिला. त्याच्या मनात काय होते, ते तोच जाणे. पण त्याने कुदळ नेली नव्हती.

खऱ्या बागा

आता खऱ्या अर्थाने बाग असलेल्या कबरींकडे येऊ. गावात बनी बेगमची बाग आहे. औरंगजेबाच्या एका मुलाची ही बेगम, असे गॅझेटियर सांगते. मोठे आवार, चारी बाजूंनी भिंत, देखणे प्रवेशद्वार, बंगाली वळणाच्या छपरांच्या छत्र्या, हौद आणि कारंज्यांच्या खुणा. मधोमध कबर. दुसरी लालबाग. ती औरंगजेबाचा दूधभाऊ खानजहान याची. मराठी वाचकाला हा माणूस बहादूरखान कोकलताश या नावाने ठाऊक असतो. भीमाकाठी पेडगावचा बहादूरगड त्याचाच.

या बागांमागे एक साधा विचार होता. कुरआनात जन्नतीचे वर्णन बागेचे आहे, जिच्याखालून नहरी वाहतात. इराणपासून दख्खनपर्यंत माळ्यांनी आणि मिस्त्रींनी त्या वर्णनाला जमिनीवर उतरवले. चौकोन आखायचा, पाण्याच्या पाटांनी त्याचे चार भाग करायचे आणि मधोमध माणूस झोपवायचा. याला चारबाग म्हणतात. त्याचे मराठवाड्यातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे शहरातला बीबी का मकबरा. दिलरास बानू बेगम १६५७मध्ये गेली आणि १६६०च्या सुमारास तिच्यासाठी हा मकबरा उभा राहिला. आवार सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद. वास्तुविशारद अताउल्लाह, ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. त्याच्या जोडीला हंसपत राय. दोघांची नावे दरवाजावर कोरलेली आहेत. तव्हेर्निए या फ्रेंच प्रवाशाने सुरतेहून येताना संगमरवराने लादलेल्या तीनशे गाड्या पाहिल्या. त्यातल्या लहानात लहान गाडीला बारा बैल होते.

लोक त्याला 'गरिबांचा ताज' म्हणून हिणवतात. आग्र्याशी तुलना करून नाक मुरडतात आणि सेल्फी काढून परततात. इमारतीकडे बघतात, बागेकडे नाही. मकबऱ्यात निदान तिकीट आहे, माळी आहे, हिरवळ आहे. खुलताबादच्या बागांच्या वाट्याला तेवढेही लक्ष आलेले नाही.

आमचा गुन्हा

इथवर वाचून काही मुस्लिम वाचक मनातल्या मनात टाळ्या वाजवत असतील. सरकारला, जमातवाद्यांना बरे सुनावले. त्यांच्यासाठी पुढचा भाग आहे.

माझी नानी आमच्या जवळच्याच एका गावात राहायची. जाण्याआधी तिने एकच गोष्ट मागितली होती. "मेरे सिरहाने नीम लगाव रे बाबा, सिमेट नक्को." आम्ही लिंबाचे रोप लावले. पहिल्या उन्हाळ्यात त्याला पाणी घालायला कुणी गेले नाही, दुसऱ्या पावसाळ्यात ते शेळ्यांनी खाल्ले. दहा वर्षांनी मामू गेले. मय्यत घरात होती आणि कब्रस्तानात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे वेडी बाभूळ. जेसीबी बोलावला, काटे बाजूला सारले, वाट केली, मग कबर खोदली. त्या दिवशी नानीची कबर मी शोधत होतो. जेसीबीच्या चाकाखाली गेली की काट्यात राहिली, मला आजही सांगता येत नाही.

हे कुणी केले? कुठल्या संघटनेने? कुठल्या सरकारने? आम्हीच केले. गावात चार तट, चौघांच्या चार कमिट्या. कब्रस्तानच्या भिंतीसाठी निधी आणायला पुढाऱ्याच्या दारात सगळे एकत्र जातात, कारण भिंतीवर नावाचा बोर्ड लागतो. झाडाला पाणी घालायला बोर्ड लागत नाही, म्हणून ते कुणी घालत नाही. आणि याच गावातली पोरे त्या मार्चमध्ये औरंगजेबाचे स्टेटस ठेवून पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढत होती. नानीची कबर कुठे आहे ते माहीत नाही आणि बादशाहाच्या कबरीसाठी करिअरवर गुन्हा घेतात!

धर्माचे कारण पुढे करणारेही भेटतात. "कब्रस्तान सजवणं जायज नाही," असे ते सांगतात. सजवा म्हणतो कोण? पक्की कबर, संगमरवर, चादरींचे ढीग यांविषयी मतभेद आहेत आणि ते आलिमांनी पाहावेत. पण कबरींची जियारत करा, त्याने आखिरतची आठवण राहते, ही पैगंबर साहेबांची शिकवण सगळ्यांनाच मान्य आहे ना? जियारतीसाठी आत जाता तरी यायला हवे. दोन कबरींवर त्यांनी खजुराची हिरवी फांदी खोवली, ही हदीसही सगळ्यांना पाठ आहे. झाड लावणे हा सदका आहे, हेही आपण दर जुम्म्याला ऐकतो. मग लिंब, चिंच, कडुलिंबाची सावली लावायला कुठल्या फतव्याची वाट पाहतो आहोत? औरंगजेबाची तरफदारी करणाऱ्यांनी त्याच्याकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे मातीची कबर आणि वर एक रोप. नेमकी तीच आपण घेतली नाही.

गेल्या हिवाळ्यात अम्मीला घेऊन खुलताबादला गेलो होतो. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. त्यामुळे नानी गेल्यापासून अम्मीने आईची कबर एकदाही पाहिलेली नाही. बनी बेगमच्या बागेत ती ओट्यावर बसली. बराच वेळ गप्प होती. मग हात उचलून फातेहा पढली. मी विचारले, "किसके वास्ते?" म्हणाली, "तेरी नानी के वास्ते. यहाँ बैठने को जगह तो है." तीनशे वर्षांपूर्वीच्या कुण्या बेगमेच्या बागेत माझ्या अम्मीला आईसाठी दुआ मागायला जागा मिळाली. तिच्या स्वतःच्या गावात मिळाली नाही.

कब्रस्तान पाहायला कोण जाते?

हा प्रश्न मला दोन्हीकडचे विचारतात. पॅरिसमध्ये १८०४ साली शहराबाहेरच्या टेकडीवर पेर लाशेज नावाचे कब्रस्तान सुरू झाले. वळणदार रस्ते, झाडे, उतार, अशी बागेसारखी आखणी केली. सुरुवातीला लोक तिथे माणसे पुरायला तयार नव्हते. मग मोलिएरसारख्या नामवंत लेखकांचे अवशेष १८१७मध्ये तिथे हलवले गेले आणि हळूहळू लोक येऊ लागले. आज जगभरातून दरवर्षी लाखो माणसे नकाशा हातात घेऊन तिथे फिरतात. इतके लांब नको, कोलकात्यात पार्क स्ट्रीटचे जुने इंग्रजी कब्रस्तान आहे. १७६७मधले. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांच्या कबरी आहेत त्या, तरीही लोक जातात, थडगी वाचतात, इतिहास समजून घेतात. तिथे कुणी कुदळ घेऊन जात नाही.

पॅरिसला नामवंत मृतांचे अवशेष हलवून आणावे लागले. आपल्याकडे संत, कवी, गुलामाचा झालेला वजीर, कैदेत मेलेला सुलतान आणि बादशाह, सगळे आधीपासून एकाच टेकडीवर आहेत. शेजारी वेरूळचे जागतिक वारसास्थळ आहे. दारात भद्रा मारुती आहे, ज्याच्यासाठी श्रावणात शहरापासून लोक पायी येतात. याहून सोयीची जागा कुणाला हवी? पण सरकारी यंत्रणेला खुलताबाद म्हटले की बंदोबस्त आठवतो, पर्यटन नाही. गावाचे नाव बदलण्याची भाषा होते. मलिक अंबर कोण, हे मराठीत चार ओळींत सांगणाऱ्या पाटीची भाषा होत नाही.

मागण्या फार नाहीत. बनी बेगमची बाग आणि लालबाग यांचे हौद आणि पाट दुरुस्त करून त्यात पाणी सोडा. प्रत्येक ठिकाणी मराठीत नीट पाटी लावा. सय्यद राजू कत्ताल ते मलिक अंबर असा पायी फिरण्याचा मार्ग आखा आणि गावातल्याच मुलांना गाईड म्हणून तयार करा. त्यांच्या हाताला काम मिळेल. शाळांनो, वेरूळला जाताच, दोन तास इथेही थांबा. मुलांना त्या कबरीपाशीही न्या. शाहू महाराजांची हकीगत तिथेच सांगा.

दुसरी मागणी माझ्या समाजाकडे. या पावसाळ्यात प्रत्येक गावच्या कब्रस्तानात वेडी बाभूळ काढून दहा लिंब लावा आणि दोन उन्हाळे त्यांना पाणी घाला. ज्या दिवशी आपल्या गावच्या कब्रस्तानात एखादी म्हातारी सावलीत बसून फातेहा पढेल, त्या दिवशी बादशाहाच्या कबरीवर बोलायचा थोडाफार अधिकार आपल्याला मिळेल.

टपरीवरच्या त्या मित्राला मी म्हटले आहे, येत्या श्रावणात तू भद्रा मारुतीला निघालास की मला सांग, मीही येतो. तुझे दर्शन झाले की मलिक अंबरकडे जाऊ. तो म्हणाला, "चल की, आणि ती कबर?"

"तीपण दाखवतो. पण सगळ्यात शेवटी."